बर्फावरचे वळणदार अक्षर

१९८८ च्या फेब्रुवारीत कॅनडातल्या कॅलगरी शहरात हिवाळी ऑलिंपिक भरले होते. महिलांच्या फिगर स्केटिंगमध्ये साऱ्यांचे डोळे दोघींवर लागले होते : पूर्व जर्मनीची कातारिना विट आणि अमेरिकेची डेबी थॉमस. योगायोग असा, की दोघींनीही अखेरच्या फेरीसाठी बिझेच्या ‘कार्मेन’चेच संगीत निवडले होते. वर्तमानपत्रांना आयता मथळा मिळाला. या गदारोळात पहिल्या फेरीचा निकाल फारसा कोणाच्या ध्यानात राहिला नाही. त्या फेरीत पहिली आली होती मॉस्कोची कीरा इवानोव्हा. थॉमस दुसरी आणि विट तिसरी. स्पर्धा संपली तेव्हा सुवर्णपदक विटच्या गळ्यात होते आणि कीरा सातवी होती.

ही घसरण समजून घ्यायची, तर फिगर स्केटिंगमधली ‘फिगर’ म्हणजे काय, ते आधी पाहायला हवे. आपण टीव्हीवर पाहतो ते संगीत, गिरक्या, उड्या आणि चमचमते पोशाख. खेळाला नाव मात्र पडले ते बर्फावर पात्याने काढलेल्या आकृत्यांवरून. कोऱ्या बर्फावर एका पायावर तोल सांभाळत वर्तुळ काढायचे, त्याला लागून दुसरे, म्हणजे इंग्रजी आठाचा आकडा होतो. मग त्याच रेषेवरून पुन्हा जायचे, आणि पुन्हा. तीन वेळा गिरवूनही रेष एकच वाटली पाहिजे. स्केटच्या पात्याला आतली आणि बाहेरची अशा दोन धारा असतात. एका वेळी एकच धार टेकली पाहिजे. दोन्ही टेकल्या की जोडरेघ उमटते आणि गुण जातात. वळणांचे प्रकार वेगळे, त्यांची नियमावली वेगळी. आकृती पुरी झाली की परीक्षक बर्फावर उतरून, वाकून, रेषा न्याहाळत. संगीत नाही, टाळ्या नाहीत, प्रेक्षकांच्या खुर्च्या बहुतेक रिकाम्या. आणि थोड्या वेळाने सगळे पुसून बर्फ पुन्हा कोरा.

मी उमेदीची वर्षे बँकेत काढली, ती जाडजूड लेजरे हाताने लिहिण्याच्या जमान्यात. शाखेत एक बुजुर्ग कारकून होते. त्यांचे आकडे छापल्यासारखे असत. उभी बेरीज, आडवी बेरीज, खाडाखोड नाही. सहामाहीचे बॅलन्सिंग जुळेना की शेवटी लेजर त्यांच्या टेबलावर जायचे. काउंटरवरच्या ग्राहकाला त्या अक्षराचा पत्ताही नसे. कीराबद्दल वाचताना मला ते आठवत राहिले. आमच्याकडे संगणक आले तेव्हा ते निवृत्तीला टेकले होते, म्हणून सुटले. कीरा पंचवीस वर्षांची होती.

तिचा जन्म १० जानेवारी १९६३ चा, मॉस्कोतला. सोव्हिएत संघाला स्केटिंगचे वेड होते, पण ते जोडीच्या स्केटिंगचे. १९६४ पासून जोडीचे सुवर्णपदक दर ऑलिंपिकला त्यांच्याकडेच जाई. इरिना रोदनिनाने तर लागोपाठ तीन मिळवली. एकेरीत मुलींचा पाटा कोराच होता. नाही म्हणायला एलेना व्होदोरेझोवा ही बारा वर्षांची चिमुरडी १९७६ च्या ऑलिंपिकमध्ये उतरली होती आणि पुढे १९८३ मध्ये जागतिक स्पर्धेत तिने कांस्यपदक मिळवले. एकेरीतल्या सोव्हिएत मुलीचे ते पहिले जागतिक पदक. कीराने पहिले ऑलिंपिक पाहिले ते १९८० मध्ये, लेक प्लॅसिडला. तिथे ती बरीच मागे राहिली.

चार वर्षांनी, १९८४ मध्ये, युगोस्लाव्हियातल्या सारायेव्होला विट पहिली, अमेरिकेची रोझलिन समनर्स दुसरी आणि कीरा तिसरी. ऑलिंपिकमध्ये एकेरीचे पदक मिळवणारी ती पहिली सोव्हिएत स्त्री ठरली. वय एकवीस. पुढच्या वर्षी टोकियोच्या जागतिक स्पर्धेत तर रौप्यपदक. तिथेही पुढे विटच. मग युरोपीय स्पर्धा : १९८५ गोथेनबर्ग, १९८६ कोपनहेगन, १९८७ पुन्हा सारायेव्हो, १९८८ प्राग. चारही वेळा कीरा दुसरी, चारही वेळा विट पहिली. सलग चार वर्षे एकाच बाईच्या पाठीला पाहत उभे राहायचे, याला काय म्हणावे? लोक अपयश म्हणतात. मला तसे वाटत नाही. युरोपात दुसरी म्हणजे सामान्य गोष्ट नव्हे, आणि विटसारखी खेळाडू पिढीत एखादीच होते.

कीराची खरी अडचण दुसरीच होती. आकृत्यांत तिचा हात धरणारी त्या काळात क्वचितच कोणी होती, पण संगीत सुरू झाले, दिवे लागले, की उड्या ऐनवेळी दगा देत. आणि हिशेब तिच्या विरुद्ध होता. त्या वेळी आकृत्यांना ३० टक्के, छोट्या कार्यक्रमाला २० आणि मोठ्या कार्यक्रमाला ५० टक्के वजन असे. क्रमांकाला गुणून बेरीज करायची आणि जिची बेरीज सर्वांत कमी, ती विजेती. आकृत्यांतल्या पहिल्या क्रमांकाचे ०.६, तिसऱ्याचे १.८. म्हणजे कॅलगरीत कीराने विटवर मिळवलेली आघाडी अवघी १.२. मोठ्या कार्यक्रमात एकेक क्रमांकाला पूर्ण १ मोजला जाई. तिथे दोन पायऱ्या घसरलात की सकाळभर गिरवलेली वर्तुळे वाया. कीरा दोनपेक्षा कितीतरी जास्त घसरली.

पूर्वी असे नव्हते. १९७२ च्या साप्पोरो ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रियाची बेअट्रिक्स शुबा मोठ्या कार्यक्रमात सातवी येऊनही केवळ आकृत्यांच्या जोरावर सुवर्णपदक घेऊन गेली, आणि प्रेक्षकांचे मन जिंकणारी अमेरिकेची जॅनेट लिन तिसरी राहिली. टीव्हीवर हे पाहणाऱ्यांना काही उमगेना. त्यांनी आकृत्या पाहिल्याच नव्हत्या. लगेच नियम बदलले, छोटा कार्यक्रम आला, आकृत्यांचे वजन घटत गेले. त्या प्रेक्षकांचे चुकले असे मी म्हणणार नाही. तासन्‌तास रेघा तपासणारे परीक्षक कोण पाहत बसेल? पण कीरा पंधरा वर्षे आधी जन्मली असती तर, हा विचार मनातून जात नाही.

कॅलगरीनंतर काही महिन्यांतच आंतरराष्ट्रीय स्केटिंग महासंघाने आकृत्या कायमच्या काढून टाकण्याचा निर्णय घेतला. १९९० मध्ये कॅनडातल्याच हॅलिफॅक्सच्या जागतिक स्पर्धेत त्या शेवटच्या काढल्या गेल्या. कीरा तोवर स्पर्धांतून बाहेर पडली होती. पाठोपाठ १९९१ मध्ये देशच मोडला. तिच्या पुढच्या आयुष्यात दारूने घर केले. त्या वर्षांबद्दल रंगवून लिहिण्याची हौस अनेकांना आली, मला नाही. डिसेंबर २००१ मध्ये मॉस्कोतल्या तिच्या घरात तिचा मृतदेह सापडला. अंगावर सुऱ्याचे वार होते. वय अडतीस.

दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी २००२ मध्ये, सॉल्ट लेक सिटीच्या ऑलिंपिकमध्ये इरिना स्लुत्स्कायाने एकेरीत रौप्यपदक मिळवले. सारायेव्होच्या कांस्यपदकाच्या पुढे जायला रशियन मुलींना अठरा वर्षे लागली. सुवर्णपदक आणखी बारा वर्षांनी आले, २०१४ मध्ये सोचीला, आदेलिना सोत्निकोवाच्या रूपाने. आदेलिनाच्या प्रशिक्षक होत्या एलेना बुयानोवा. लग्नापूर्वीचे त्यांचे आडनाव व्होदोरेझोवा. सारायेव्होला त्याही बर्फावर उतरल्या होत्या. पदक त्या दिवशी कीराला मिळाले होते.