गांज्याचे थेंब मोजणारा डॉक्टर

कोलकात्यातील ४० दिवसांची एक मुलगी. तिला आकड्यांमागून आकड्या येत होत्या. त्या काळचे सगळे उपचार थकले, तेव्हा डॉक्टरांनी तिला गांज्याच्या अर्काचा एक थेंब दिला. आकडी थांबली, पुन्हा उलटली, मात्रा वाढवावी लागली. अखेर मूल वाचले. डॉक्टरांचे नाव विल्यम ब्रुक ओ'शॉनेसी.

१८०९ मध्ये आयर्लंडमधील लिमरिक येथे जन्मलेले ओ'शॉनेसी एडिंबराला वैद्यक शिकले. १८३१-३२ च्या कॉलराच्या साथीत त्यांनी रुग्णांचे रक्त तपासले आणि त्यातील पाणी व क्षार घटल्याचे दाखवून दिले. त्यावरूनच थॉमस लाट्टा यांनी शिरेतून क्षारद्रव देऊन पाहिले. आज आपण सर्रास लावतो त्या सलाइनचे मूळ इथे आहे.

१८३३ मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत आले आणि पुढे कोलकाता मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवू लागले. इथे गांजा-भांगेचा वापर त्यांनी पाहिला, संस्कृत व फारसी ग्रंथांतील माहिती जाणकारांकडून समजून घेतली. पण रुग्णांना देण्याआधी कुत्री, मांजरे, मासे, गिधाडे, शेळ्या यांच्यावर प्रयोग केले. १८३९ मध्ये निष्कर्ष मांडताना यशाबरोबर अपयशही नोंदवले. धनुर्वातात उपयोग दिसला. पिसाळलेले कुत्रे चावलेल्या रुग्णाचा त्रास हलका झाला, पण जीव वाचला नाही.

पुढे हे औषध त्यांनी इंग्लंडला नेले. भारतात परतून तारायंत्राचे जाळे उभारले. कोलकाता, आग्रा, मुंबई, मद्रास तारेने जोडली गेली. १८५६ मध्ये त्यांना 'सर' किताब मिळाला. १८८९ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांचे औषध मागे का पडले? प्रत्येक अर्काची ताकद वेगळी. आजचे पाच थेंब उद्या वीस थेंबांइतके भरत. गांज्यातला नेमका कोणता घटक काम करतो, हेही तेव्हा ठाऊक नव्हते. नशा आणणारा टीएचसी आणि नशा न आणणारा सीबीडी यांची रचना १९६०च्या दशकात उलगडली. १९८८ नंतर कळले की, आपला मेंदू स्वतःच गांज्यासारखे रेणू तयार करतो. एखादी चेतापेशी अति उत्तेजित झाली की ते रेणू उलट दिशेने जाऊन संदेश पाठवणाऱ्या पेशीला आवर घालतात. सीबीडी मात्र बहुधा अन्य मार्गांनी आकडी रोखतो.

२०१८ मध्ये अमेरिकेने शुद्ध सीबीडीला ड्रावे आणि लेनॉक्स-गॅस्टॉ या मुलांमधील दुर्धर अपस्मारांसाठी मान्यता दिली. हे औषध नेहमीच्या गोळ्यांच्या जोडीने देता येते. त्याने यकृताला त्रास होऊ शकतो, म्हणून रक्ततपासणी लागते. व्हॅल्प्रोएट चालू असेल तर अधिकच.

बाह्यरुग्ण विभागात पालक मोबाइलवर तेलाची जाहिरात दाखवून विचारतात, गोळ्या बंद करून हे देऊ का? माझे उत्तर एकच: गोळ्या अचानक बंद केल्या तर आकडी थांबेनाशी होऊन मुलाच्या जिवावर बेतू शकते. कुठल्याशा बाटलीत सीबीडी किती, टीएचसी किती, कुणी मोजलेले नसते. ओ'शॉनेसींनी निदान थेंब तरी मोजले होते.