नाथमाधव : अद्भुत आणि विज्ञान

द्वारकानाथ माधव पितळे, म्हणजेच कादंबरीकार नाथमाधव, यांचा जन्म १८८२ चा. पंचविशीच्या आतच शिकारीला गेले असता ते सिंहगडाच्या कड्यावरून कोसळले आणि कमरेखालचा भाग लुळा पडला. त्या काळी अशा रुग्णांचा जीव कण्याच्या दुखापतीपेक्षा पाठीवरच्या जखमा आणि लघवीच्या मार्गातला जंतुसंसर्गच घेत असे. नाथमाधव मात्र वीसेक वर्षे जगले आणि लिहीत राहिले.

त्यांची १९०८ ची ‘श्रीनिवासराव’ मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या विज्ञान कादंबऱ्यांत गणली जाते. १९१३ ची ‘वीरधवल’ अद्भुतरम्य. वाचकांनी डोक्यावर घेतली ती हीच. फरक यंत्रांचा नाही, कारणांचा आहे. मंत्राने मांजरा धरण एका रात्रीत भरले तर लातूरकर हरखतील, पण ती अद्भुतकथा. पाणी कुठून आले, ऊर्जा किती लागली, याचा हिशेब लेखकाला द्यावा लागला की विज्ञानकथा. लुळ्या पायांचेही तसेच. अद्भुतकथेत एक मुळी पुरते. विज्ञानकथेत मज्जारज्जूचे तुटलेले तंतू पुन्हा जुळत नाहीत, ही अडचण आधी सोडवावी लागते. प्रत्यक्षात ती अजून सुटलेली नाही.

नाथमाधव १९२८ मध्ये गेले. त्याच वर्षी लंडनमध्ये फ्लेमिंग यांना पेनिसिलिनचा सुगावा लागला.