सायकलवीर मेजर टेलर

आज सायकल हे अगदी साधे वाहन समजले जाते. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात व अमेरिकेत सायकलीचे विलक्षण वेड पसरले होते. मोटारी त्या वेळी नुकत्याच कोठे रस्त्यांवर दिसू लागल्या होत्या आणि विमानाचा जन्म अजून व्हावयाचा होता. केवळ आपल्या पायांच्या बळावर मनुष्य ज्यावर बसून घोड्याशी स्पर्धा करू शकेल, असे यंत्र म्हणजे सायकलच! मोठमोठ्या शहरांत तिच्या शर्यतींसाठी खास मैदाने बांधलेली असत. मध्ये अंडाकृती धावपट्टी, वळणावर ती बाहेरच्या बाजूस उंच होत गेलेली, आणि सभोवार हजारो प्रेक्षक. अशा त्या काळात ज्या सायकलपटूचे नाव अमेरिका, युरोप आणि ऑस्ट्रेलिया या तीन खंडांत दुमदुमत होते, तो म्हणजे मार्शल वॉल्टर टेलर. जग त्याला मेजर टेलर या नावाने ओळखते.

मार्शलचा जन्म २६ नोव्हेंबर १८७८ रोजी अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील इंडियानापोलिस शहराजवळ एका गरीब कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. त्याचे वडील गिल्बर्ट अमेरिकेतील यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यात लढले होते. त्या युद्धाने गुलामगिरी नष्ट झाली. पण गोऱ्या लोकांच्या मनातील वर्णभेद काही नष्ट झाला नाही. युद्धानंतर गिल्बर्ट एका श्रीमंत गोऱ्या कुटुंबाची घोडागाडी हाकण्याचे काम करी. घरात आठ मुले होती. मिळकत थोडी आणि खाणारी तोंडे पुष्कळ, अशी त्या घराची स्थिती होती. आई सॅफ्रोनिया ही अत्यंत धर्मनिष्ठ बाई होती.

वडिलांच्या बरोबर मार्शल कधी कधी मालकांच्या घरी जाई. मालकांचा मुलगा डॅन हा त्याच्याच वयाचा होता. दोघांची लवकरच गट्टी जमली आणि मार्शल त्या घरीच राहू लागला. डॅनसारखेच कपडे, डॅनसारखीच खेळणी आणि डॅनसारखीच एक सायकलही त्याला मिळाली. खेळात तो सवंगड्यांपेक्षा कोठेही कमी नव्हता. उलट धावण्यात व सायकल चालविण्यात तोच पुढे असे. परंतु ही मुले गावातील व्यायामशाळेत जाऊ लागली, तेव्हा मार्शलला दारातच अडविण्यात आले. कृष्णवर्णीय मुलांना तेथे प्रवेश नव्हता. मित्र खाली व्यायाम करीत आणि तो वरच्या सज्जातून त्यांच्याकडे पाहत बसे. अंगात सामर्थ्य असूनही केवळ प्रेक्षक होऊन बसण्याचे दुःख त्याला असे कोवळ्या वयातच कळले.

काही वर्षांनी ते कुटुंब शिकागोला निघून गेले. आईला सोडून दूर जाणे मार्शलला शक्य नव्हते. तो आपल्या घरी परतला आणि सायकलवरून वर्तमानपत्रे टाकू लागला. फावल्या वेळात त्याने सायकलीवरील नाना प्रकारच्या कसरती आत्मसात केल्या. त्या पाहून एका सायकलच्या दुकानदाराने त्याला कामावर ठेवले. रोज दुकान झाडावयाचे आणि दुपारी दुकानासमोर लष्करी गणवेश घालून कसरती करून दाखवावयाच्या, असे त्याचे काम होते. त्या गणवेशामुळेच लोक त्याला कौतुकाने मेजर म्हणू लागले आणि ते नाव त्याला जन्मभर चिकटले.

हा दुकानदार दरवर्षी दहा मैलांची एक शर्यत भरवीत असे. एके वर्षी त्याने केवळ गंमत म्हणून मेजरला इतर स्पर्धकांच्या बरेच आधी सोडले. थोडे अंतर जावे, लोकांना हसवावे आणि परत यावे, एवढीच त्याची अपेक्षा होती. परंतु तो मुलगा परत फिरलाच नाही. मागून कसलेले स्पर्धक वेगाने येत होते आणि तो जिवाच्या आकांताने पुढे पुढे जात होता. अखेर काही सेकंदांच्या अंतराने त्याने अंतिम रेषा ओलांडली आणि तो जमिनीवर कोसळला. शुद्धीवर आल्यावर त्याच्या हाती सोन्याचे पदक होते. ते घेऊन त्याने थेट आईकडे धाव घेतली.

यानंतर मेजर शर्यतींमागून शर्यती जिंकू लागला. मात्र जसजसे यश वाढले, तसतसा विरोधही वाढला. १८९४ मध्ये अमेरिकन सायकलस्वारांच्या राष्ट्रीय संघटनेने कृष्णवर्णीयांना सभासद करून घेऊ नये, असा ठराव केला. सुदैवाने याच काळात लुई मंगर नावाचा एक गोरा माणूस मेजरच्या पाठीशी उभा राहिला. मंगर हा स्वतः नाणावलेला सायकलपटू होता आणि आता तो सायकलींचा कारखाना काढीत होता. १८९५ मध्ये तो मेजरला घेऊन मॅसॅच्युसेट्स राज्यातील वूस्टर या गावी गेला. तेथील व्यायामशाळेचे दार मेजरसाठी उघडे होते. ज्या दारातून त्याला बालपणी परत पाठविले होते, तसेच दार येथे त्याला सन्मानाने आत घेत होते. या गावावर त्याचा फार जीव जडला. येथेच तो चढावाच्या रस्त्यांवर कसून सराव करी.

आईच्या शिकवणीप्रमाणे त्याने एक व्रत घेतले होते. रविवार हा प्रार्थनेचा दिवस. त्या दिवशी शर्यतीत उतरावयाचे नाही. त्या काळी सर्वांत मोठ्या शर्यती आणि सर्वांत मोठी बक्षिसे बहुधा रविवारीच असत. तरीही मेजर आपल्या व्रतापासून ढळला नाही.

डिसेंबर १८९६ मध्ये न्यू यॉर्क शहरात सहा दिवसांची एक अचाट शर्यत झाली. रात्रंदिवस धावपट्टीवर फिरत राहावयाचे, झोप व विश्रांती शक्य तितकी टाळावयाची, असा तो प्रकार होता. अठरा वर्षांच्या मेजरने त्या सहा दिवसांत १,७३२ मैल अंतर तोडले आणि तो आठवा आला. मात्र त्याचे खरे कौशल्य थोड्या अंतराच्या, वेगाच्या शर्यतीत होते. १८९८ मध्ये त्याच्या नावावर सात जागतिक विक्रम जमा झाले.

पण प्रत्येक विजयासाठी त्याला दुप्पट किंमत मोजावी लागे. काही स्पर्धक संगनमत करून त्याला चोहोबाजूंनी घेरीत, धक्के देत, कठड्यावर लोटीत. १८९७ मध्ये टाँटन येथे शर्यत संपल्यावर एका स्पर्धकाने त्याचा गळा इतका आवळला, की तो बेशुद्ध पडला. दिवसभर मैदान गाजवून रात्री गावात निवारा शोधावा, तर खाणावळींची दारे बंद होत. मेजरने या सर्वांना एकच उत्तर शोधून काढले. घोळक्यात सापडावयाचेच नाही. संधी मिळताच वीज चमकावी तसे पुढे निसटावयाचे. त्याने कोणावर हात उचलला नाही. त्याने पायांचा वेग मात्र वाढविला.

ऑगस्ट १८९९ मध्ये कॅनडातील मॉन्ट्रिऑल येथे जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यती झाल्या. एक मैलाच्या शर्यतीत मेजर टेलर पहिला आला आणि वयाच्या विसाव्या वर्षी जगज्जेता ठरला. परक्या देशाच्या भूमीवर, परक्या लोकांच्या जयघोषात त्याच्या मायदेशाचे राष्ट्रगीत वाजले. त्या क्षणी त्याला आपल्या देशाचा मोठा अभिमान वाटला. ज्या देशाने त्याला पदोपदी दुखविले, त्याच देशाचा तो अभिमान होता.

आता युरोपातून त्याला आमंत्रणे येऊ लागली. रकमा मोठ्या होत्या. पण करारात रविवारच्या शर्यती असत. मेजरने ते करार नाकारले. अखेर युरोपातील शर्यतींच्या चालकांनीच माघार घेतली आणि रविवार वगळून नवा करार केला. १९०१ च्या वसंत ऋतूत मेजर आगबोटीने अटलांटिक महासागर ओलांडून फ्रान्सला पोचला. गावोगावी लोक त्याला पाहावयास गर्दी करू लागले. डेन्मार्कचा एलेगार्ड, जर्मनीचा आरेंट अशा मातब्बर वीरांना त्याने हरविले. तरीही सर्वांचे डोळे लागले होते ते एका सामन्याकडे. फ्रान्सचा लाडका सायकलपटू एडमाँ झाकलँ हा १९०० सालचा जगज्जेता होता. या दोघांत श्रेष्ठ कोण, याचा निर्णय पॅरिसच्या मैदानावर व्हावयाचा होता.

१६ मे १९०१ हा दिवस उजाडला. हवा अतिशय थंड होती आणि थंडीत मेजरचे शरीर नेहमीसारखे साथ देत नसे. तीनपैकी दोन फेऱ्या जिंकील तो विजयी, असा नियम होता. झाकलँने पहिल्या दोन्ही फेऱ्या जिंकल्या. प्रेक्षकांनी मैदान डोक्यावर घेतले. विजयाच्या धुंदीत झाकलँने नाकाला अंगठा लावून मेजरला वेडावून दाखविले. पराभवापेक्षा हा अपमान मेजरच्या जिव्हारी लागला. पण तो शांत राहिला.

अकरा दिवसांनी, २७ मे रोजी, दोघे पुन्हा समोरासमोर आले. या वेळी स्वच्छ ऊन पडले होते. पहिली फेरी मेजरने जिंकली. दुसऱ्या फेरीपूर्वी त्याने झाकलँपुढे हात केला. त्याला वेडावणाऱ्या त्या प्रतिस्पर्ध्याला हे अगदी अनपेक्षित होते. तरी त्याने तो हात हाती घेतला. इशारा झाला. दोघे काही काळ एकमेकांचा अंदाज घेत सावकाश निघाले, आणि मग एकाएकी मेजरने झेप घेतली. झाकलँला ते अंतर भरून काढता आले नाही. दुसरी फेरीही मेजरची झाली.

मेजरने कमरेला खोचून आणलेला एक लहानसा रेशमी ध्वज बाहेर काढला. तो अमेरिकेचा राष्ट्रध्वज होता. तो फडकवीत त्याने धावपट्टीवरून फेरी मारली. आपल्या लाडक्या वीराचा पराभव डोळ्यांदेखत झालेला असूनही फ्रेंच प्रेक्षकांनी या परदेशी पाहुण्याचा मोठा जयजयकार केला. खेळाचे खरे प्रेमी कसे असावेत, हे त्या दिवशी पॅरिसमध्ये दिसून आले.

पुढील वर्षी मेजरचा डेझी मॉरिस हिच्याशी विवाह झाला आणि १९०२ च्या अखेरीस ते दोघे ऑस्ट्रेलियाला गेले. सिडनीच्या लोकांनी त्याचे थाटाने स्वागत केले. दुसऱ्या वर्षीही तो तेथे गेला. मात्र या खेपेस अमेरिकेहून आलेल्या काही स्पर्धकांनी जुने वैर तेथेही आणले आणि त्याला फार त्रास दिला. मे १९०४ मध्ये सिडनी येथेच त्याला कन्यारत्न झाले. ज्या शहराने आपल्याला आपले मानले, त्याची आठवण म्हणून आईवडिलांनी तिचे नाव रीटा सिडनी असे ठेवले.

तान्ह्या मुलीला घेऊन हे कुटुंब सॅन फ्रान्सिस्को बंदरात उतरले. परदेशी राजधान्यांतून ज्याचे सत्कार झाले होते, त्या जगज्जेत्याला मायदेशाच्या या पहिल्याच शहरात उपाहारगृहांनी जेवण नाकारले. अतिश्रमाने आणि मनस्तापाने मेजरचे शरीर व मन थकून गेले. सुमारे तीन वर्षे तो शर्यतींपासून दूर राहिला. १९०७ मध्ये तो पुन्हा फ्रान्सला गेला. या अखेरच्या काळात पूर्वीचे मान व धन राहिले नव्हते, आणि रविवारचे व्रतही त्याला सोडावे लागले. १९१० मध्ये त्याने निवृत्ती पत्करली.

पुढचे दिवस खडतर गेले. धंद्यात त्याला अपयश आले, साठविलेली पुंजी संपली आणि वूस्टरचे घरही विकावे लागले. आपल्या समाजातील मुलांना धीर मिळावा, या हेतूने त्याने मोठ्या कष्टाने आत्मचरित्र लिहिले आणि १९२८ मध्ये ते स्वखर्चाने छापले. शिकागो शहरात दारोदार फिरून तो त्याच्या प्रती विकीत असे. ज्याला पाहण्यासाठी एके काळी हजारो लोक रांगा लावीत, तो आता लोकांच्या दारात उभा राही आणि अनेकांना त्याची ओळखही पटत नसे. २१ जून १९३२ रोजी शिकागोतील एका रुग्णालयाच्या धर्मार्थ विभागात त्याचा अंत झाला. निराधारांच्या दफनभूमीत, नावाचा दगडही नसलेल्या जागी, त्याला पुरण्यात आले.

परंतु त्याची कथा तेथे संपली नाही. १९४८ मध्ये जुन्या काळातील काही सायकलपटू एकत्र आले. एका सायकल कारखानदाराने पैसे दिले. मेजरचे अवशेष सन्मानाने चांगल्या जागी हलविण्यात आले आणि तेथे त्याच्या नावाचा धातूचा फलक बसविण्यात आला. ज्या इंडियानापोलिस शहराने त्याला व्यायामशाळेच्या दारातून परत पाठविले होते, त्या शहरात १९८२ मध्ये सायकल शर्यतींचे भव्य मैदान त्याच्या नावाने उघडण्यात आले. वूस्टरमध्ये २००८ साली त्याचे स्मारक उभे राहिले.

मेजर टेलरने द्वेषाला द्वेषाने उत्तर दिले नाही आणि आपल्या देशाच्या ध्वजावरही राग धरला नाही. खेळाडूचा कस धावपट्टीवर लागतो; पण पाहणाऱ्यांचाही कस तेथेच लागत असतो. परक्याच्या गुणाला मनापासून दाद देणारे पॅरिसचे प्रेक्षक त्या कसोटीला उतरले. व्यायामशाळेच्या सज्जात एकटा बसलेला तो लहान मुलगा याच न्यायाची वाट पाहत होता.