कवटीत न सापडलेली जात : इरावती कर्वे

आमच्या वसतिगृहात आगरी, कोळी, ठाकूर, कातकरी आणि बौद्ध घरांतील मुले एकाच पंगतीत जेवतात. या मुलांपुढे कोणाचे चरित्र ठेवावे, याचा विचार करताना आम्हांला घरापासून दूर वसतिगृहात शिकलेल्या एका मुलीचे स्मरण झाले.

इरावतींचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातील म्यिंज्यान येथे झाला. बुद्धाच्या धम्माने फुललेल्या त्या देशातील मोठ्या नदीवरून त्यांचे नाव ठेवले गेले. सातव्या वर्षी त्या समुद्र ओलांडून पुण्याच्या हुजूरपागेत आल्या. पुढे रँग्लर परांजपे यांच्या घरी त्यांच्या बुद्धीला मोकळे वातावरण लाभले. मुंबईत डॉ. घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्राचे शिक्षण घेऊन महर्षी कर्वे यांची ही सून मानवशास्त्रासाठी बर्लिनला गेली.

माणसाची योग्यता त्याच्या देहात कोरलेली असते, ही समजूत फार जुनी आहे. पुरुषसूक्ताने विराट पुरुषाच्या मुखापासून आणि पायांपासून माणसांच्या पायऱ्या कल्पिल्या. बर्लिनच्या विद्वानांनी तीच समजूत मोजपट्टीच्या भाषेत मांडली होती. गोऱ्या माणसाच्या कवटीच्या दोन बाजू असमान असतात आणि त्याच्या श्रेष्ठ बुद्धीची ती खूण आहे, असे इरावतींचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर मानत. इरावतींनी कवट्या मोजल्या. वंशाचा आणि त्या असमानतेचा संबंध त्यांना आढळला नाही, आणि परक्या देशात गुरूंच्या मताविरुद्ध जाणारा तो निष्कर्ष त्यांनी तसाच लिहिला. त्यांना डॉक्टरेट मिळाली ते वर्ष १९३०. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला आमच्या चिरनेरच्या रानात जंगल सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या.

१९३९ पासून त्यांनी डेक्कन कॉलेजात अध्यापन केले. महाराष्ट्रातील गावोगाव हिंडून त्यांनी माणसांच्या देहाची मापे घेतली, डॉ. सांकलिया यांच्यासमवेत गुजरातेतील लांघणज येथे अश्मयुगीन मानवाचे अवशेष अभ्यासले. ब्राह्मण म्हणवणाऱ्या पोटजातींतही त्यांना मोठे फरक दिसले. त्यावरून, एका समाजाचे तुकडे होऊन जाती झाल्या हे मत त्यांनी नाकारले. वेगवेगळ्या वाटांनी आलेले आणि येथेच राहिलेले अनेक समूह शेजारी नांदले, वर्णांची उतरंड त्यांच्यावर मागाहून चढवली गेली, असे त्यांनी मांडले. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही १९४८ च्या ग्रंथात नाकांच्या मापांचा आधार घेऊन अस्पृश्यांचा वंश वेगळा असल्याचे मत खोडून काढले होते.

पंढरीच्या वाटेवर इरावती वारकऱ्यांबरोबर चालल्या. विठ्ठलाचे नाव एका मुखाने घेणारे लोक जेवायला मात्र जातीजातींनी वेगळे बसतात, हे पाहून त्यांना दुःख झाले. ‘युगान्त’ने त्यांना १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळवून दिला, तरी आम्हांला त्यांचे ते दुःख अधिक जवळचे वाटते. ११ ऑगस्ट १९७० रोजी त्यांचे निधन झाले.

वासेट्ठ सुत्तात तथागतांनी सांगितले आहे की, गवत, कीटक, पशुपक्षी यांच्या देहावर त्यांच्या जातीची वेगळी खूण असते. माणसाच्या केसांत, डोळ्यांत, नाकात वा ओठांत तशी खूण नसते. अडीच हजार वर्षांनंतर एका कन्येने मोजपट्टी हाती घेऊन तोच शोध घेतला. आमच्या पंगतीत शेजारी बसलेल्या मुलाकडे पाहताना येथील प्रत्येक विद्यार्थ्याने तो आठवावा, एवढीच आमची इच्छा आहे.