समुद्र घरीं आणणारा फिलिप गॉस

समुद्रकांठच्या खडकांत साचलेल्या पाण्यांतील एखादा रंगीत मासा बरणींत घालून घरीं न्यावा, असें कोणाच्या मनांत आलें नाहीं? परंतु बहुधा घरीं पोंचेपर्यंत मासा मरतो आणि बरणींत नासलेलें पाणी तेवढें उरतें. समुद्रांतील जीव समुद्रापासून दूर, जिवंत कसा न्यावा, या प्रश्नाचा ज्यानें चिकाटीनें पाठपुरावा केला, त्या फिलिप हेन्री गॉसचें चरित्र विद्यार्थ्यांनीं मनन करण्याजोगें आहे.

गॉसचा जन्म ता. ६ एप्रिल १८१० रोजीं इंग्लंडांत वूस्टर येथें झाला. त्याचा बाप गांवोगांव हिंडून लहान आकाराच्या तसबिरी काढीत असे. घरची गरिबी होती. पूल या बंदरांत त्याचें बालपण गेलें. तेथें त्याच्या आत्यानें त्याला समुद्रपुष्पें, म्हणजे फुलांसारखे दिसणारे समुद्रांतील मृदु प्राणी, प्रथम दाखविले. सतराव्या वर्षीं तो कारकुनीसाठीं न्यू फाउंडलंडला गेला. पुढें कानडांत शेती केली, तींत अपयश आलें. अमेरिकेंत अलाबामा संस्थानांत त्यानें शाळामास्तरकीही केली. १८४४ सालीं तो प्राणी जमविण्याकरितां जमैका बेटांत गेला. तेथील हमिंगबर्ड नांवाचे चिमुकले पक्षी पाळून ते जिवंत इंग्लंडास न्यावे, अशी त्याची फार इच्छा होती. पण ते पिंजऱ्यांत जगेनात. प्राणी पकडणें निराळें आणि तो जगविणें निराळें, हा धडा त्याला असा मिळाला.

१८५२ सालीं प्रकृति बिघडल्यामुळें तो डेव्हनच्या किनाऱ्यावर राहण्यास गेला. इल्फ्राकोम येथील खडकांत त्याला शेंदरी व सोनेरी रंगाचें एक प्रवाळ सांपडलें. त्याचें शास्त्रीय वर्णन प्रथम त्यानेंच केलें. प्रवाळ दूर नेण्याचा प्रयत्न त्यापूर्वींही झाला होता. १८४६ सालीं ॲना थिन या बाईनें टॉर्कीहून लंडनपर्यंत प्रवाळ जिवंत नेलीं. वाटेंत हिसके बसूं नयेत म्हणून तिनें तीं सुईदोऱ्यानें स्पंजास शिवून टाकलीं होतीं! लंडनांत तिची दासी तें पाणी रोज उघड्या खिडकीपाशीं या भांड्यांतून त्या भांड्यांत ओती, म्हणजे त्यांत हवा मिसळे. गॉस व रसायनशास्त्रज्ञ वॉरिंग्टन यांनीं या कामीं निसर्गाचीच मदत घेतली. उजेडांत समुद्रशेवाळ प्राणवायु सोडतें. तो घेऊन प्राणी जगतात. शेवाळ आणि प्राणी यांचें प्रमाण साधलें, कीं पाणी पुष्कळ दिवस टिकतें.

१८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत पहिलें सार्वजनिक मत्स्यालय उघडलें. त्यासाठीं गॉसनें वेमथच्या किनाऱ्यावरून सुमारें सवाशें मैलांवर प्राणी पाठविले. बरणी काठोकाठ भरून त्यांत पुष्कळ प्राणी कोंबले, कीं पाण्यांतील प्राणवायु संपतो, आणि एक प्राणी मेला तर त्याच्या कुजण्यानें बाकीचेही मरतात. ओहोटीच्या वेळीं समुद्रपुष्पें व खेंकडे कांहीं तास पाण्यावांचून राहतात, हें गॉसनें पाहिलें होतें; म्हणून असे प्राणी ओल्या शेवाळांत गुंडाळून पाठवावे, असें त्यानें सांगितलें. माशांस मात्र पाणीच हवें. समुद्रापासून दूर राहणाऱ्यांसाठीं त्यानें १८५४ सालीं चार क्षारांपासून कृत्रिम समुद्रजल करण्याची कृतिही प्रसिद्ध केली. आज मासे विमानानें जातात, तेव्हांही तत्त्व तेंच असतें: निघण्यापूर्वीं एकदोन दिवस उपास, पिशवींत थोडें पाणी व वर भरपूर प्राणवायु, आणि उष्णमान बदलूं न देणारी पेटी.

गॉसचीं पुस्तकें फार लोकप्रिय झालीं आणि घरोघरीं मत्स्यालयें दिसूं लागलीं. परंतु याच यशाचें फळ कडू निघालें. लोकांच्या झुंडी टोपल्या व छिन्न्या घेऊन किनाऱ्यावर लोटल्या आणि जे खडक त्याला बागेसारखे वाटत, ते थोड्या वर्षांत उजाड झाले. हें त्यानें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलें. सृष्टि ही ईश्वराची कृति आहे, असें मानणाऱ्या त्या भाविक माणसाच्या जिवाला याची टोंचणी लागली. त्याचा मुलगा एडमंड यानें १९०७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्रांत वडिलांचें हें दुःख नमूद केलें आहे. ता. २३ ऑगस्ट १८८८ रोजीं सेंट मेरीचर्च येथें गॉसचा अंत झाला.

आपल्या मालवणच्या समुद्रांतही प्रवाळ आहेत. तीं तोडून घरीं नेण्यास आज कायद्यानें बंदी आहे. पण कायद्याहूनही गॉसचा अनुभव आपणांस अधिक शिकवील. जीव दूर नेऊन जगविण्याची विद्या थोर खरी. पण कोणता जीव जेथल्या तेथें राहूं द्यावा, हें ओळखणें तिच्याहूनही थोर होय.