प्रवाशांचा वाटाड्या

इंग्लंडची राजधानी लंडन हे प्राचीन व गजबजलेले शहर. १८६३ मध्ये या शहराच्या पोटातून जगातील पहिली भुयारी रेल्वे धावू लागली. पुढे एकामागून एक नवे मार्ग निघाले. परंतु ते निरनिराळ्या कंपन्यांच्या मालकीचे होते. प्रत्येक कंपनी आपापल्यापुरते पाही. एका मार्गावरून दुसऱ्या मार्गावर जाताना प्रवासी गोंधळून जाई. हे विखुरलेले मार्ग एका सूत्रात गुंफण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत फ्रँक पिक हे अग्रगण्य होत.

पिक यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८७८ रोजी स्पॉल्डिंग या गावी एका कापडाच्या व्यापाऱ्याच्या घरी झाला. कायद्याचा अभ्यास पुरा करूनही त्यांनी वकिली पत्करली नाही. ते रेल्वेच्या नोकरीत शिरले. १९०६ मध्ये ते लंडनमधील एका भुयारी रेल्वे कंपनीत आले. कंपनीच्या जाहिरातींवर त्यांनी निर्भीडपणे टीका केली, तेव्हा ते कामच त्यांच्याकडे सोपवण्यात आले. त्याच सुमारास, १९०८ मध्ये, बहुतेक कंपन्यांनी ‘अंडरग्राउंड’ हे एकच नाव व एकच नकाशा वापरण्याचे ठरवले.

स्थानकांच्या भिंती तेव्हा जाहिरातींनी भरलेल्या असत. त्या गर्दीत स्थानकाचे नाव शोधता शोधता गाडी सुटून जाई. पिक यांनी जाहिरातींना ठराविक जागा नेमून दिली आणि स्थानकाचे नाव तांबड्या वर्तुळावरील निळ्या पट्टीत ठळकपणे झळकू लागले. एडवर्ड जॉन्स्टन या सुलेखनकाराकडून त्यांनी सुबोध अक्षरे घडवून घेतली; ती १९१६ पासून वापरात आली. चिन्ह एक, अक्षर एक. त्यामुळे अनोळखी स्थानकावरही प्रवाशाला आपलेपणा वाटू लागला.

परंतु केवळ पाट्यांनी मार्ग जोडले जात नाहीत. एका जुन्या मार्गाचे भुयार इतके अरुंद होते की, इतर मार्गांच्या गाड्या त्यातून जाऊ शकत नसत. ते रुंद करून १९२४ मध्ये उत्तरेकडील मार्गाला जोडण्यात आले. अखेर १९३३ मध्ये शहरातील भुयारी रेल्वे, ट्राम व बस यांचा कारभार एका सार्वजनिक मंडळाकडे आला. लॉर्ड ॲशफील्ड अध्यक्ष झाले आणि प्रत्यक्ष कारभाराची धुरा पिक यांनी वाहिली. त्याच वर्षी हॅरी बेक यांचा सरळ रेषांचा नकाशा प्रसिद्ध झाला. आरंभी तो नाकारण्यात आला होता. पण लोकांना तो चटकन समजला.

पिक अबोल व कडक शिस्तीचे होते. सहकाऱ्यांना त्यांचा धाक वाटे. सामान्य प्रवाशाला मिळणारी वस्तू सुंदर व सोयीची असलीच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. सरकारने देऊ केलेली ‘सर’ ही पदवी व उमरावपद मात्र त्यांनी नम्रपणे नाकारले.

१९४० मध्ये ते मंडळातून निवृत्त झाले. त्याच वर्षी लंडनवर बाँबचा वर्षाव सुरू झाला आणि रात्रीच्या रात्री हजारो नागरिकांनी भुयारी स्थानकांत आसरा घेतला. ७ नोव्हेंबर १९४१ रोजी पिक यांचे निधन झाले. आजही लंडनमध्ये नवखा प्रवासी तांबडे वर्तुळ पाहून निश्चिंत मनाने भुयारात उतरतो. तो त्यांचे नाव जाणत नसेल. पण त्यांनी दाखवलेल्या वाटेनेच चालतो.