विश्लेषण : ॲपमधून काढलेली वस्तू परत का येते? उत्तर दडलंय एडगर कॉड यांच्या कामात

मोबाइलवर किराण्याची ऑर्डर उघडली, साबण काढला, तांदूळ एका किलोचे दोन केले, चहा नव्याने टाकला आणि सेव्ह केलं. पुन्हा पाहिलं तर साबण तिथेच! असं का होतं? तुमच्या दृष्टीने ती एकच ऑर्डर असते, पण डेटाबेसमध्ये ऑर्डरची नोंद एका तक्त्यात आणि वस्तूंच्या ओळी दुसऱ्याच तक्त्यात असतात. माहितीची अशी सपाट तक्त्यांत विभागणी करण्याचा सिद्धांत मांडला एडगर कॉड यांनी.

कोण होते कॉड?

जन्म १९२३ चा, इंग्लंडमधल्या पोर्टलंड बेटावरचा. ऑक्सफर्डमध्ये गणित आणि रसायनशास्त्र शिकले, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात वैमानिक होते. १९४८ मध्ये अमेरिकेत येऊन आयबीएममध्ये प्रोग्रामर झाले. सिनेटर मॅकार्थी यांच्या राजकारणाला वैतागून १९५३ मध्ये थेट कॅनडा गाठला. काही वर्षांनी परतले आणि चाळिशी ओलांडल्यावर मिशिगन विद्यापीठाची पीएचडी मिळवली.

१९७० चा लेख

तेव्हा आयबीएमच्या आयएमएस प्रणालीत माहिती झाडासारखी ठेवत. फांदीची रचना बदलली की तिच्यावर विसंबलेले प्रोग्राम कोलमडत. सॅन होजेच्या प्रयोगशाळेत असताना, जून १९७० मध्ये, कॉड यांनी रिलेशनल मॉडेल मांडलं. लेखातलं उदाहरण साधं होतं: कर्मचारी, त्याच्या पोटात नोकरीचा इतिहास, त्याच्याही पोटात पगाराचा इतिहास, शिवाय मुलं. त्यांनी याचे चार स्वतंत्र तक्ते केले आणि प्रत्येक ओळीत कर्मचाऱ्याचा क्रमांक ठेवून ते जोडले.

आयएमएसवर आयबीएमची चांगली कमाई होत होती, त्यामुळे स्वतःच्याच माणसाच्या कल्पनेला कंपनीने उत्साहाने हात दिला नाही. १९७९ मध्ये लॅरी एलिसन यांच्या कंपनीने ओरॅकल बाजारात आणून आयबीएमला मागे टाकलं. कॉड यांना १९८१ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. त्यांच्या कल्पनेतूनच जन्मलेल्या एसक्यूएल भाषेवर मात्र ते टीका करत राहिले.

मग साबणाचं काय?

ॲपच्या कोडमध्ये ऑर्डर आजही वस्तू पोटात घेऊनच असते. सेव्ह करताना जुनी आणि नवी यादी ओळीच्या आयडीने ताडून पाहावी लागते: आयडी जुळला तर ओळ बदलायची, आयडी नसेल तर नवी घालायची, जुन्या यादीतला आयडी नव्या यादीत सापडला नाही तर ती ओळ पुसायची. ही शेवटची पायरी हमखास विसरली जाते. सगळं पुसून पुन्हा लिहिणं सोपं वाटतं, पण मग ओळींचे आयडी बदलतात आणि जुन्या आयडीला जोडलेली परताव्याची नोंद लटकते. शिवाय हे सारे बदल एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये हवेत. मध्येच काही बिघडलं तर एकही बदल टिकता कामा नये.

कॉड यांचं १८ एप्रिल २००३ रोजी फ्लोरिडात निधन झालं. पहिला आयफोन यायला तेव्हा चार वर्षं होती.